वाचकांचे प्रश्न: प्रागची राजवाट, पण उलट्या बाजूने

गेल्या अंकात प्रागवर जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं, राजांच्या मिरवणुकीच्या जुन्या वाटेने पायी फिरा आणि जमलं तर उलट्या बाजूने फिरा, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की माझं मलाच नवल वाटलं. सगळी छापणं शक्य नाही, काही निवडली आहेत. मी स्वतः दोनदा गेलेय, एकदा टूरबरोबर पळत पळत आणि एकदा एकटीच चार दिवस, तेव्हा जे सांगते ते त्यातलंच.

ताई, मे महिन्यात आम्ही दोघं सेंट्रल युरोपच्या टूरला चाललोय, प्रागला एकच दिवस. मी 66 ची, हे 71 चे, माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात. कार्यक्रमात 'रॉयल रूट, पायी' असं लिहिलंय. मुलगा म्हणतो तू बसमध्येच बसून राहा. राहू का? (एक आजी, डोंबिवली)

बसमध्येच बसायचं तर त्यासाठी प्रागला कशाला जायचं हो आजी, डोंबिवलीत काय कमी बस आहेत का! जा, नक्की जा.

आधी रस्ता समजून घ्या. हा एक सरळ रस्ता नाही, एकाला एक जोडलेल्या गल्ल्या आणि चौक आहेत, सगळं मिळून अडीच किलोमीटरच्या आसपास. खाली प्राश्ना ब्राना नावाचा काळपट मनोरा आहे, 1475 ला बांधायला घेतला आणि पुढे त्यात तोफेची दारू साठवायचे म्हणून हे नाव, तिथून त्सेलेत्ना गल्ली, मग जुना चौक, मग कार्लोवा, मग चार्ल्स ब्रिज, पलीकडे मोस्तेत्सका आणि शेवटी नेरुदोवाचा चढ चढून किल्ला. बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातल्या जुन्या राज्याचे, राजे राज्याभिषेकासाठी ह्याच वाटेने वर जायचे, शेवटचा 1836 ला फर्डिनांड. पण राजांना चढायचं होतं, तुम्हाला कुठे राज्याभिषेक करून घ्यायचाय? तुम्ही 22 नंबरची ट्राम पकडून थेट किल्ल्याच्या वरच्या बाजूला प्राझ्स्की ह्राद स्टॉपला उतरा, किल्ल्याची अंगणं पार करा आणि नेरुदोवाने खाली या. सगळा उतार. ट्राममध्ये चढल्यावर तिकीट मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचं मात्र विसरू नका, बिनशिक्क्याचं तिकीट म्हणजे विनातिकीटच धरतात आणि दंड लावतात.

उतारालाही गुडघे बोलतात, माहितेय मला, म्हणून काठी न्या आणि लाज सोडा. फरशी दगडी आहे, वर आलेले गोलसर दगड, चेक लोक त्यांना 'मांजराची डोकी' म्हणतात आणि एकदा पाय मुरगळला की ते नाव का पडलं ते बरोबर कळतं. जाड सोलचे बूट घाला, साडीवर चालतात, कोणी बघत नाही. टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही दोघं खाली चौकात घड्याळाजवळ भेटतो. आमच्या टूरला दोन जोडप्यांनी हेच केलं आणि आमच्यापेक्षा जास्त बघून आले.

नेरुदोवा गल्लीत घरांवर दोन दोन नंबर होते, एक लाल पाटी आणि एक निळी, आणि वर दारावर कुठे मासा, कुठे कोकरू, कुठे किल्ली. गाईडला विचारलं तर तो म्हणाला 'डेकोरेशन'. पटलं नाही. (एक आर्किटेक्ट, नागपूर)

न पटणं बरोबर होतं. ते डेकोरेशन नाही, तो पत्ता आहे.

1770 पर्यंत प्रागमधल्या घरांना नंबरच नव्हते. मग घर ओळखायचं कसं, तर दारावरच्या खुणेवरून. पुण्यात जुन्या लोकांना पत्ता विचारा, ते अजूनही जिलब्या मारुतीपासून डावीकडे किंवा पत्र्या मारुतीच्या समोर असंच सांगतात, तसंच हे, फक्त इथे देवाऐवजी घरालाच नाव. 'दोन सूर्यांचं घर', 'तीन सारंग्यांचं घर', 'लाल कोकरू', 'सोन्याची किल्ली', 'सोन्याचा नाल', 'पांढरा हंस'. तीन सारंग्यांच्या घरात खरंच व्हायोलिन बनवणारी कुटुंबं राहिली, 12 नंबरला आहे, तीन छोटी व्हायोलिनं आडवी तिडवी कोरलेली. दोन सूर्यांचं घर 47 नंबरला, त्यात यान नेरुदा हा चेक लेखक राहायचा, ज्याच्यावरून रस्त्याला नाव आहे (चिलीच्या पाब्लो नेरुदांनी टोपणनाव ह्याच्यावरूनच घेतलं असं सांगतात). त्या सूर्यांना चेहरे आहेत, नाक डोळे सगळं, आणि दोघंही असे शेजारी शेजारी बघतायत की आत्ताच भांडून झालंय आणि आता कोणी आधी बोलायचं हा प्रश्न आहे.

मग हॅब्सबर्ग घराण्याची राणी मारिया थेरेसा हिच्या कारभारात घरांना नंबर लागले, सैन्यभरतीसाठी माणसं मोजायची होती, म्हणजे सरकारला पत्ता हवा असला की तो तुमच्या भल्यासाठी नसतो हे तेव्हाही खरं होतं. लाल पाटीवरचा तो जुन्या पद्धतीचा नंबर, त्या त्या भागातल्या घरांच्या नोंदणीचा, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन घरांचे लाल नंबर एकमेकांपासून कुठच्या कुठे असू शकतात. निळी पाटी म्हणजे रस्त्यावरचा क्रम, एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम. पत्ता शोधताना निळी बघा. मी पहिल्यांदा लाल बघून शोधत बसले आणि अर्धा तास एकाच चढावर वर खाली करत होते, शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी काही न बोलता बोटाने निळी पाटी दाखवली.

तुम्ही आर्किटेक्ट आहात म्हणून अजून एक, त्याच गल्लीत रोमानियाच्या वकिलातीची बाल्कनी बघा, दोन काळ्या मूर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या) वीरांच्या खांद्यावर तोललेली आहे. घराणं मोर्झिन म्हणून मूर, म्हणजे दगडात केलेली कोटी! समोरच इटलीची वकिलात, तिच्या दारावर दोन भलेमोठे गरुड पंख पसरून. दोन्ही वकिलाती समोरासमोर अशा उभ्या आहेत की बघणाऱ्यानेच दबून जावं.

मुलं 8 आणि 12 वर्षांची. चर्च आणि राजवाडे बघून कंटाळतात. त्यांना हसू येईल असं काही आहे का ह्या रस्त्यावर? (एक आई, कोल्हापूर)

हसू तर येईल, पण काही ठिकाणी तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील, त्याची तयारी ठेवा.

ब्रिजच्या अलीकडे, म्हणजे किल्ल्याच्या बाजूला, एक बोळ आहे जेमतेम पन्नास सेंटिमीटर रुंद, खाली एका रेस्टॉरंटकडे पायऱ्या उतरतात. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं म्हणून तिथे चक्क सिग्नल लावलाय, पायी चालणाऱ्यांसाठी, बटण दाबायचं, हिरवा झाला की जायचं. लोक अर्थातच लाल असतानाही घुसतात आणि मग मध्ये जो काही प्रकार होतो तो बघायला बाहेर मुलं उभी राहतात. माझ्या पुढे एक जाडजूड गृहस्थ पोट आत घेऊन गेले आणि वर येताना बायकोला म्हणाले काहीतरी, भाषा कळली नाही पण 'तरी मी सांगत होतो' असंच असणार.

तिथून जवळच प्रागचा लेखक फ्रान्झ काफ्का ह्याच्या म्युझियमच्या अंगणात डेव्हिड चेर्नी नावाच्या शिल्पकाराचे दोन ब्राँझचे पुरुष उभे आहेत, 2004 पासून, आणि ते सू करतायत. खरंच. खाली जे डबकं आहे त्याचा आकार चेक देशाच्या नकाशाचा. कमरेपासून हलतात आणि पाण्याने अक्षरं लिहितात. आठ वर्षांचा लोळून हसेल, बारा वर्षांचा लाजेल आणि तुम्ही 'चला चला उशीर होतोय' म्हणाल.

त्याच चेर्नीचं अजून एक, ब्रिज ओलांडून कार्लोवातून हुसोवा गल्लीत वळलात की मान वर करा. छपरातून बाहेर आलेल्या दांड्याला एक माणूस एका हाताने लटकतोय, दुसरा हात खिशात. तो मनोविश्लेषणवाला सिग्मंड फ्रॉइड. पहिल्यांदा बघितलं की पोटात गोळा येतो, लोकांनी घाबरून पोलिसांना फोन केल्याच्या गोष्टीही सांगतात. मुलांना आधी सांगू नका, त्यांना स्वतःला दिसू दे.

आणि तुम्ही कोल्हापूरच्या, म्हणून हे खास तुमच्यासाठी. ब्रिजच्या जुन्या शहराकडच्या टोकाला, कठड्यावरून खाली नदीच्या भिंतीत बघा, एक दाढीवाल्याचं दगडी डोकं बसवलंय, त्याला ब्रादाच म्हणतात. व्ल्तावा नदीचं पाणी त्याच्या दाढीला लागलं की काठच्या लोकांनी सामान आवरायला घ्यायचं. आपल्याकडे पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली ह्यावर अख्खं गाव जागं असतं ना, 39 ला इशारा आणि 43 ला धोका, तोच हिशोब, फक्त फुटांऐवजी दाढी. 1890 च्या पुरात ह्या ब्रिजच्या तीन कमानी वाहून गेल्या होत्या. 2019 तुमच्या मुलांना आठवत असेल तर त्यांना ते डोकं चर्चपेक्षा जास्त कळेल.

चार्ल्स ब्रिजचा पाया म्हणे मुहूर्त काढून घातला होता. खरं आहे का आपलं सोशल मीडियावरचं? (एक निवृत्त बँक कर्मचारी, रत्नागिरी)

मुहूर्ताची गोष्ट प्रागवाले स्वतःच सांगतात. 1357 साल, 9 तारीख, 7 वा महिना, पहाटेचे 5 वाजून 31 मिनिटं. ओळीने लिहा: 1 3 5 7 9 7 5 3 1. चढत गेलं आणि उतरत आलं, पुलासारखंच. राजा चौथा चार्ल्स ज्योतिष मानणारा होता, त्यामुळे साल आणि चांगला दिवस बघण्यापर्यंत माझी काही हरकत नाही, पण मिनिटाचं मला जरा जास्तच गोड वाटतं, पुरोहितांनीही एवढा नेमका मुहूर्त कधी साधलेला नाही, आपल्याकडे अक्षता पडायलाच वीस मिनिटं उशीर असतो.

दुसरी गोष्ट अंड्यांची. चुन्यात कालवायला राज्यभरातून अंडी मागवली आणि वेल्वारी गावच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली! दंतकथाच ती, पण त्या गावाला अजून त्यावरून चिडवतात.

ब्रिज 516 मीटर लांब, 16 कमानी, दोन्ही बाजूंना मिळून 30 पुतळे. एके काळी ह्याच्यावरून ट्रामसुद्धा जायची, आधी घोड्याची मग विजेची, आणि 1965 मध्ये गाड्या बंद झाल्या. पुतळ्यांमध्ये गर्दी दिसेल ती यान नेपोमुकच्या पुतळ्याजवळ. ह्या पाद्र्याला 1393 ला राजाच्या माणसांनी नदीत फेकलं. चबुतऱ्यावर पितळी रंगाचे दोन पट आहेत, उजवीकडच्यात त्याला पुलावरून खाली टाकतायत आणि डावीकडच्यात एक शिपाई कुत्र्याला कुरवाळतोय. हात लावला की नशीब उघडतं अशी समजूत, त्यामुळे सगळा पट काळा आणि हात लागणारी जागा तेवढी सोन्यासारखी लखलखीत, देवळाबाहेरच्या कासवाची पाठ असते तशी. गंमत म्हणजे हात लावायचा तो संताला, पण कुत्राही तितकाच चकाकतोय! एकाने लावला म्हणून मागच्याने लावला, बाकी काही नाही. मीही दोघांना लावला, खोटं कशाला बोलू.

ताई, तिथल्या खगोलीय घड्याळाबद्दल मैत्रिणीने सांगितलं की तासभर उन्हात उभं राहून बघितलं आणि अर्ध्या मिनिटात बाहुल्या फिरून संपलं, फारच निराशा. वगळलं तर चालेल का? मी पंचांग बघते, थोडीफार आवड आहे. (एक निवृत्त शिक्षिका, वाई)

बाई, तुम्ही तर वगळूच नका! निराशा होते कारण सगळे चुकीच्या गोष्टीकडे बघत असतात.

बाहुल्यांचं आधी उरकते. दर तासाला, सकाळी 9 ते रात्री 11, सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, आरसा धरलेला गर्विष्ठ आणि थैली धरलेला कंजूष माना हलवतात, शेवटी कोंबडा आरवतो, म्हणजे आरवतो कसला, सर्दी झाल्यासारखा आवाज काढतो. संपलं. हे बघायला हजार माणसं मोबाईल वर करून उभी, आणि त्याच वेळी खाली खिसेकापूंचा सीझन, पर्स पोटाशी धरा.

तुम्ही यायचं ते तास होऊन दहा मिनिटांनी. सगळे पांगलेले असतात. मग शांतपणे ती वरची तबकडी बघा. 1410 चं यंत्र आहे ते, कादानच्या मिकुलाशने केलेलं, आणि त्यावर एकाच वेळी तीन चार प्रकारची वेळ दिसते. रोमन आकडे म्हणजे आपली नेहमीची. त्याच्या बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे 1 ते 24, ती जुनी चेक वेळ, ती सूर्यास्तापासून मोजायची, म्हणजे सूर्य मावळला की 24 वाजले आणि नवा दिवस सुरू. ते कडं वर्षभर पुढे मागे सरकवावं लागतं कारण सूर्यास्त सरकतो. आणि निळ्या भागात त्या सोनेरी वाकड्या रेघा आहेत ना, त्या सूर्योदय ते सूर्यास्त ह्याचे बारा सारखे भाग, उन्हाळ्यात तास मोठा आणि हिवाळ्यात लहान. आपण सूर्योदयापासून घटका मोजणारी माणसं, आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. मला तर ते घड्याळ पहिल्यांदा कळलं तेव्हा आजोबांचं पंचांग कोणीतरी भिंतीवर टांगून चावी दिल्यासारखं वाटलं.

आता तुमच्यासाठी मेख. आत एक छोटं कडं आहे राशींचं, मेष वृषभ मिथुन सगळ्यांची चिन्हं, आणि सोन्याचा सूर्य त्यावरून फिरतो. तिथे सूर्य मकरेत जातो तो 21–22 डिसेंबरला. तुम्ही म्हणाल संक्रांत तर 14 जानेवारीला! घड्याळ चुकलेलं नाही, ते सायन आहे, म्हणजे राशी ऋतूंवरून मोजणारं, आणि आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणारं, मधला फरक म्हणजे अयनांश, तो आज 24 अंशांच्या आसपास, म्हणून तीन आठवडे. डिसेंबरच्या शेवटी कोणी गेलं तर सूर्य मकरेत बघून मग घरी येऊन तिळगूळ खायला भरपूर वेळ आहे. चंद्राचा गोळा अर्धा काळा अर्धा रुपेरी, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो, त्यामुळे पक्ष कुठला तेही कळतं.

घड्याळ बनवणाऱ्याने दुसरीकडे असं करू नये म्हणून त्याचे डोळे काढले ही गोष्ट गाईड हमखास सांगेल. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपणही सांगतोच, त्याच खात्यात टाका.

आणि वळताना खाली बघा. त्या इमारतीच्या पायथ्याशी फरशीत 27 पांढरे क्रॉस आहेत. 21 जून 1621 ला हॅब्सबर्ग राजघराण्याविरुद्ध बंड केलेल्या 27 जणांना तिथे मारलं. पहिल्या फेरीत आमच्या अख्ख्या ग्रुपने त्यांच्यावर उभं राहून फोटो काढले होते, कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

मुलगा कंपनीच्या कामाने म्लादा बोलेस्लावला आहे, आम्ही भेटायला जातोय, प्राग शनिवार रविवार करू. खाणं शाकाहारी. ती गोल गोल भाजलेली चिमणीसारखी मिठाई खास तिथली आहे का? आणि पैसे कुठे बदलायचे? (एक जोडपं, छत्रपती संभाजीनगर)

म्लादा बोलेस्लाव हे स्कोडा कारचं गाव, तुमच्याकडेही स्कोडाचा कारखाना असल्यामुळे तिकडे जाणारी मुलं बरीच, हे चौथं पत्र आहे संभाजीनगरहून.

त्र्देल्निक. दर दहा पावलांवर दुकान, वर पाटी 'जुनी चेक परंपरा'. परंपरा वगैरे काही नाही, प्रागमध्ये ते पर्यटकांसाठी अलीकडेच वाढलंय, मूळचं स्लोव्हाकिया आणि ट्रान्सिल्व्हेनियाकडचं. दालचिनी साखर लावलेलं गरम असतं, वास छान येतो, खा एकदा, पण आत आईस्क्रीम भरलेलं घेऊ नका, दोन मिनिटांत कोपरापर्यंत ओघळतं. त्यापेक्षा ब्रांबोराक विचारा, किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं धिरडं, आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. अंडं असतं त्यात आणि कधी चरबीत तळतात, म्हणून आधी विचारायचं. तळलेलं चीजही सगळीकडे मिळतं. चौकातल्या स्टॉलवर भाव लिहिलेला असतो तो बहुतेक 100 ग्रॅमचा, पूर्ण प्लेटचा नाही, हे वाचून मग बोट दाखवा.

पैसे. पहिल्या वेळी मी ह्याच रस्त्यावरच्या एका काउंटरवर '0% कमिशन' वाचून युरो दिले आणि हातात इतक्या कमी कोरुना (तिथलं चलन) आल्या की मी मोजत बसले, चूक माझीच असेल म्हणून. चूक नव्हती, कमिशन शून्य पण रेटच वाईट. आता 2019 पासून कायदा आहे, 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत जाऊन रद्द करता येतो, पावती मात्र जपून ठेवा आणि त्याच काउंटरवर जा. खरं तर मुलाला सांगा, तो तिकडेच राहतो, त्याच्याकडून कोरुना घ्या आणि त्याला इथे आल्यावर द्या, किंवा देऊही नका.

एवढं सगळं लिहिलंत, काफ्का कुठे गेला? आणि निघायचं किती वाजता? (एक वाचक, पणजी)

गेला कुठे नाही, जुन्या चौकात घड्याळाला लागूनच 'उ मिनुटी' नावाचं घर आहे, बाहेरून सगळ्या भिंतींवर काळी पांढरी चित्रं खरवडलेली, त्यात तो लहानपणी राहायचा. 42 थरांचं त्याचं फिरणारं डोकं बघायचं असेल तर ते ह्या वाटेवर नाही, नारोदनी त्र्शीदाच्या मागे शॉपिंग सेंटरजवळ आहे. तेही चेर्नीचंच, त्या माणसाने शहर सोडलेलं नाही.

निघायचं पहाटे. आधी सांगितलेली उतरती वाट धरायची आणि सातच्या आत ब्रिजवर यायचं. किल्ल्याच्या इमारती तेव्हा बंद असतात, त्यांना नंतर वेगळं जा. सातला ब्रिजवर फक्त धावणारे, प्री वेडिंगवाली एखादी जोडी दात वाजवत, आणि हंस. नऊ वाजेपर्यंत तुमचं घड्याळापर्यंत होतं. मग त्सेलेत्नात 'काळ्या मॅडोनाचं घर' बघा, 1912 चं, घराचा दर्शनी भाग कंगोरे कंगोरे असलेला क्यूबिस्ट, वरच्या मजल्यावर कॅफे आहे तिथे कॉफी घ्या. मागच्या गल्लीत सेंट जेम्स चर्च लागेल. आत शिरल्यावर दाराजवळ वर बघा, साखळीला काहीतरी काळं वाळकं लटकतंय. तो हात आहे, चोराचा. मेरीच्या मूर्तीवरचे दागिने चोरायला गेला आणि मूर्तीने हात धरला तो सोडेना, शेवटी कापावा लागला, चारशे वर्षं तिथेच लटकतोय म्हणतात. मी विचारलं तर आतल्या बाई म्हणाल्या फोटो काढू नका, आणि मग हळूच म्हणाल्या, उजेड कमी आहे, नीट येतही नाही.

तिथून दोन मिनिटांवर तो काळपट मनोरा आणि खाली मेट्रो.